वांगणी रूटचा उजवा फुगा

गाडी बंद पडली की पार्सलं साचतात, हे सगळ्यांना दिसतं. तिच्यासोबत किस्सेही साचतात, ते मात्र ज्याच्या दारात गाडी बंद पडलीय त्यालाच उपसावे लागतात. मी जव्हारच्या एका पार्सल हबचा इन्चार्ज. इन्चार्ज म्हणजे खुर्ची माझी आणि शिव्याही माझ्याच! आमच्याकडे गाडी एकच, गाडी बनवणाऱ्या कंपनीने चालवायला दिलेली इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅन; ड्रायव्हर कोण हेही कंपनीच ठरवणार. तिचा एक फुगा फुटला आणि त्या फुग्याने मला इतकं काही दिलं, की एसटी डेपोसमोरच्या टपरीवर आता माझा चहा दुसराच कोणीतरी सांगतो. अट एकच, "तो फुग्याचा किस्सा होऊन जाऊ दे!"

* * *

गाडी आली त्या दिवशी कंपनीचा ट्रेनर सोबत आला होता. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी दोन रबरी फुगे, त्यांत हवा, आणि माल वाढला की गाडी आपली आपण हवा भरून सरळ राहणार, असं त्याने समजावलं. मग त्याने डॅशबोर्डवर काठोकाठ पाण्याचा ग्लास ठेवला आणि आवारात एक चक्कर मारली. एक थेंब सांडला नाही. "याला म्हणतात एअर सस्पेन्शन!" तो म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

काशिनाथ आमचा ड्रायव्हर. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने हात वर करून विचारलं, "सायेब, पार्सलं पण आवारातच वाटायची काय?"

काशिनाथबद्दल एवढं आत्ताच सांगतो. तो जव्हारजवळच्या वांगणी गावचा. दिवाळी झाली की बायको-पोरीला घेऊन भिवंडीकडे गोदामात कामाला जायचा, ते थेट पेरणीलाच परत. मुलगी निम्मं वर्ष एका शाळेत, निम्मं वर्ष कुठल्याच शाळेत नाही. हब सुरू झालं आणि यंदा पहिल्यांदा घराला कुलूप लागलं नाही. गाडी राहिली तर काशिनाथ राहणार. गाडी गेली तर त्याला पुन्हा भिवंडी. बाकी सगळे किस्से हसण्यासारखे आहेत, ही एक गोष्ट सोडून.

* * *

गाडीच्या आत, मागच्या बाजूला मोठा स्टिकर आहे : 'प्रवासी बसवण्यास सक्त मनाई'. पण वांगणीच्या वाटेवर बाईमाणसाने टोपली खाली ठेवून हात दाखवला आणि गाडी थांबली नाही, तर त्या ड्रायव्हरला गावात पुन्हा तोंड दाखवता येत नाही. काशिनाथ थांबायचा. रोज थांबायचा.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक सोनीमावशी. भाजी घेऊन जव्हारच्या बाजाराला येणारी, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. एकदा मी तिला हबच्या दारातच गाडीतून उतरताना पकडलं. स्टिकर दाखवला, वाचून दाखवला.

"मी कुठं प्रवासी हाय?" ती म्हणाली. "मी तर वांगणीची!"

* * *

एका सकाळी उजवा फुगा गेला. गाडी उजव्या कुशीवर झोपल्यासारखी दिसत होती. बबन मिस्त्री आमच्या शेजारचाच गॅरेजवाला. तो खाली वाकला, रबराला गेलेली चीर बघितली आणि म्हणाला, "नवीनच लागणार."

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, फुगा निकामी असताना गाडी अजिबात चालवू नका."

"बरं. मग काय करू?"

"गाडी ताबडतोब आमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या."

"कशी आणू?"

"चालवत, सर!"

* * *

इकडे वांगणीकर काही सर्व्हिस सेंटरची वाट बघत बसले नाहीत. मी हबमध्ये फोनवर भांडत असताना काशिनाथ गाडी हळूहळू काढायचा, आणि गाडीची जबाबदारी सोनीमावशीने घेतली होती. उजवा फुगा गेलाय, म्हणजे वजन डावीकडे हवं! पार्सलं डावीकडे, भाजीच्या टोपल्या डावीकडे, माणसं डावीकडे. गणपतदादा म्हणून एक धिप्पाड गृहस्थ आहेत, त्यांची जागा डावीकडे दाराजवळ कायमची राखीव. उजवीकडे फक्त बारकी माणसं, तीही मावशीच्या परवानगीने.

मला हे कळल्यावर मी काशिनाथवर ओरडलो. "अरे, फुटक्या फुग्यावर गाडी चालवायची नाही असं कंपनी सांगते!"

"फुग्यावर नाय चालवत सायेब," तो म्हणाला. "गणपतदादावर चालवतोय."

* * *

वॉरंटीत फुगा मागितला. उत्तर आलं : 'गाडी रस्ता सोडून चालवल्याचं सेन्सरवरून दिसतं. अशा वापराला वॉरंटी लागू नाही.'

रस्ता सोडून? आम्ही तर रस्त्याने गेलो होतो! आता सेन्सरला खड्ड्याखाली रस्ता सापडला नाही, त्याला आम्ही काय करणार? तेव्हा रस्ता आहे, असा दाखला आणायला मी रस्त्याची कामं बघणाऱ्या एका साहेबांकडे गेलो. साहेब खूश झाले. त्यांच्याकडे तक्रारी घेऊन लोक येतात, रस्ता आहे म्हणून सांगायला आलेला मी पहिलाच! त्यांनी लगेच लिहून दिलं : 'सदर रस्ता डांबरी, सुस्थितीत व वाहतुकीस योग्य आहे.' सही केली, शिक्का मारला.

निघताना मी म्हटलं, "आता तसाच वांगणीला जाऊन ड्रायव्हरला दाखवतो."

साहेबांनी दारात उभी असलेली माझी मोटरसायकल बघितली. "हिच्यावरून? नका जाऊ. कंबर राहणार नाही!"

दाखला कंपनीला पाठवला. उलट टपाली उत्तर : 'रस्ता उत्तम असल्यास दोष ड्रायव्हरचा. प्रवासी बसवत असल्याचा संशय आहे. तपासणीसाठी इन्स्पेक्टर येत आहेत. गाडी व ड्रायव्हर यांचा निर्णय ते घेतील.' म्हणजे रस्ता वाईट असेल तर वॉरंटी नाही, आणि चांगला असेल तर काशिनाथ नाही!

काशिनाथने ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग कागदाची घडी करून मला परत दिला. दाखला आणण्याची हुशारी माझीच होती ना!

* * *

तपासणीला गाडी उभी तर राहायला हवी, म्हणून इन्स्पेक्टरच्या आधी कंपनी नवीन फुगा पाठवणार होती. मी रोज मोबाइलवर बघायचो, पार्सल भिवंडीतच अडकलेलं. शेवटी भिवंडीच्या पार्सल गोदामात फोन केला.

"सर, तुमचं पार्सल आम्ही थांबवून ठेवलंय. जव्हार हबची डिलिव्हरी गाडी नादुरुस्त आहे."

"अहो, त्या पार्सलमध्येच गाडीचा फुगा आहे!"

"हो सर. गाडी दुरुस्त झाली की लगेच पाठवतो!"

काशिनाथ एसटीने भिवंडीला गेला आणि खोकं मांडीवर घेऊन आला. त्याला भिवंडीच्या गाडीत चढताना बघून मला बरं वाटलं नाही.

* * *

इन्स्पेक्टर सरपोतदार साहेब पुण्याहून आले. बोलणं मोजकं, बूट चकचकीत. बबन मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, मोठ्या बॅटरीची लाइन साहेबांनी स्वतः बंद केली. राहिलेली हवा सोडली, पाइप काढला, जुना फुगा उतरवला, नवीन बसवला, पीळ पडला नाही ना ते हात फिरवून बघितलं. सगळं सुरळीत. बॅटरीची लाइन जोडून झाली आणि हवा भरायला बबनने आपल्या कॉम्प्रेसरची नळी ओढली.

"थांबा!" साहेब ओरडले. "हवा गाडी स्वतः भरते. सॉफ्टवेअरने! फक्त कंपनीची ऑनलाइन परवानगी लागते."

परवानगीला नेटवर्क लागतं, आणि नेटवर्क त्या दिवशी जव्हारात नव्हतं. साहेब रस्त्यावर गेले, मग टपरीच्या बाकावर चढले, शेवटी आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी हात उंच करून उभे राहिले. आम्ही खाली गाडीभोवती, आणि सगळ्यांच्या माना वर! जेवणवेळ टळून गेल्यावर एकदाची परवानगी आली, गाडीने घरघर करून हवा घेतली, मग जॅक उतरवला. गाडी सरळ उभी राहिली.

बबन नळी गुंडाळत म्हणाला, "आमच्याकडं सायकलवाले पण न विचारता भरून जातात."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगणी रूटची चाचणी. पुढे काशिनाथ, मध्ये मी, खिडकीशी साहेब. मागे थोडी पार्सलं. काशिनाथने आदल्या संध्याकाळीच सोनीमावशीकडून सगळ्या पाड्यांवर निरोप फिरवला होता : उद्या कोणी हात दाखवायचा नाही, रस्त्यावर दिसायचंसुद्धा नाही.

लोकांनी शब्द पाळला. जरा जास्तच पाळला! वाटेत माणूस नाही, टोपली नाही, पोर नाही. एका ठिकाणी नुसती एक चप्पल पडलेली.

साहेब बाहेर बघत होते. "इकडे वस्ती नाहीच का हो?" त्यांनी विचारलं. "मग हा रूट चालवता कशाला?"

काशिनाथचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. वस्ती आहे म्हणावं, तर माणसं दाखवावी लागतील. नाही म्हणावं, तर रूट बंद!

तेवढ्यात पुढे खड्ड्यांची रांग आली. काशिनाथने वेग कमी केला.

"कमी करू नका," साहेब म्हणाले. "नवीन फुगा आहे. टेस्ट होऊ द्या."

"सायेब, इथं दगड..."

"होऊ द्या!"

काशिनाथने होऊ दिलं. खाडकन आवाज आला, मग फुस्स... आणि गाडी सावकाश उजवीकडे कलली. साहेब उतरले, वाकले, उठले. मोबाइल काढला, वर धरला, खिशात ठेवला. आजूबाजूला करवंदाच्या जाळ्या आणि ऊन.

"आता?" ते म्हणाले.

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय राहिलं होतं लपवायला? त्याने रोजच्या खुणेचा हॉर्न दोनदा वाजवला.

गाडीचा आवाज ऐकून बाजाराची वाट सोडून जाळीमागे दडलेली सोनीमावशी आधी निघाली, डोक्यावर टोपली. मग तिच्यामागून एकेक करत अख्खी बाजाराची मंडळी. एकाच्या काखेत कोंबडी. ज्याची चप्पल मागे राहिली होती तोही एक पाय जपून टाकत आला. मावशीने गाडीकडे एक नजर टाकली.

"उजवा?"

"उजवा," काशिनाथ म्हणाला.

पार्सलं डावीकडे सरकली. टोपल्या चढल्या. माणसं आपापल्या जागी बसली, धक्का नाही, बुक्की नाही. मग मावशी साहेबांसमोर उभी राहिली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"गणपतदादा आज लग्नाला गेलाय. तुमी त्याच्या जागी बसा. डावीकडं, दाराजवळ. आणि हलायचं नाय!"

साहेब बसले. त्यांच्या मांडीवर कोंबडी दिली. वर डोक्याशी तो सक्त मनाईचा स्टिकर. गाडी हळूहळू सरळ झाली, आणि काशिनाथने ती माणसाच्या चालीने जव्हारला आणली. साहेब वाटभर हलले नाहीत.

आठवड्याने रिपोर्ट आला. बाकी सगळे आकडे आणि सेन्सर होते. शेवटी शिफारस :

'गाडी जव्हार येथेच ठेवावी. ड्रायव्हर बदलू नये. पर्यायी सस्पेन्शन स्थानिक पातळीवर उपलब्ध आहे.'