पोटात काहीतरी घालून जा

आमच्या कासारवाडीच्या घरातून कोणी उपाशीपोटी बाहेर पडलेलं आप्पांना खपत नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. चाकणच्या कारखान्यात नोकरी करून आता निवृत्त झालेत. मला प्रयोगशाळेत जायला कितीही उशीर होवो, ते पोह्यांची बशी घेऊन दारात उभे. मी वैतागते, भांडते आणि शेवटी खाते.

त्या आठवड्यात मात्र माझं लक्ष बशीत नव्हतं. माझी सगळी पीएचडी एका प्रथिनावर उभी होती आणि ते माझ्याशी दावा मांडून बसलं होतं. शुक्रवारी समितीसमोर जायचं होतं. मार्गदर्शकांनी स्पष्टच सांगितलं होतं, तोवर प्रथिन पेशीच्या केंद्रकात गेलेलं दिसलं नाही तर विषय सोडायचा. तीन वर्षं पाण्यात!

"आत का जात न्हाई ते?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. जनुकं केंद्रकात असतात, म्हणजे गेटच्या आत. पेशीचं पोट भरलेलं असलं की तसा निरोप फिरतो आणि या प्रथिनावर फॉस्फेटची खूण चिकटते. खूण दिसली की दुसरं एक प्रथिन त्याला धरून बाहेरच थांबवतं. पेशी उपाशी राहिली की खूण निघते, ते आत जातं आणि काटकसरीची जनुकं चालू करतं.

"म्हंजे ब्लॉक क्लोजरमधला मीच की."

मागणी घटली की त्यांची कंपनी काही दिवस बंद ठेवायची, ते ब्लॉक क्लोजर. एरवी घरात न दिसणारे आप्पा तेव्हा घरभर पंखे बंद करत फिरायचे. आईला नको नको व्हायचं.

मला हसू आलं. "अहो, पण मी पेशींना चांगलं सहा तास उपाशी ठेवते. मग मायक्रोस्कोपकडे नेण्याआधी तेवढं ताजं सीरम, म्हणजे त्यांचं खाणं, घालते, बिचाऱ्या..."

आप्पा माझ्या हातातल्या बशीकडे बघत होते.

"निघताना खायला घालतीस व्हय?"

इतकी लाज वाटली! हे मला कोणी शिकवलं नव्हतं, वहीत कधी लिहिलंही नव्हतं. हात आपोआप करत होते.

गुरुवारी पेशी तशाच उपाशी नेल्या. सीरमच्या बाटलीकडे जाणारा हात आवरला. प्रथिनाला आम्ही हिरवा चमकणारा रंग जोडलेला असतो. तो पडद्यावर बरोबर केंद्रकात गोळा झाला होता. मी रडले, खोटं कशाला बोलू. मार्गदर्शकांच्या आधी आप्पांना फोन लावला.

"गेलं आत, आप्पा!"

"बघून झालं?"

"हो."

"मग घाल की आता त्यांना खायला."

घातलं. अर्ध्या तासात हिरवा रंग केंद्रकातून निघून बाहेर पसरला. त्याचाही फोटो काढून ठेवला.

शुक्रवारी समितीतल्या बाईंनी पहिल्याच प्रश्नात पकडलं. पेशी मरायला टेकल्या म्हणून प्रथिन आत गेलं नसेल कशावरून? मी दुसरा फोटो पुढे केला. खायला मिळाल्यावर तेच प्रथिन, त्याच पेशींत, पुन्हा बाहेर आलेलं. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मान डोलावली. विषय वाचला.

"परत खायला घालून बघायचं कसं सुचलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरात उपाशी कोणाला ठेवत नाहीत," मी म्हणाले.