पायाळूच्या शोधात खारघर-बेलापूर

एस.टी.तनं उतरलो तेव्हा कुठला माझा कणा आणि कुठला सीटचा दांडा, कळत नव्हतं. लेक मंदा रस्त्यावर उभीच होती. म्हणाली, "तात्या, वर बघा की! चौदावा मजला आपला."

मान वर होईना. मला खारघर तिसऱ्या मजल्यापर्यंतच दिसलं. पण तेवढं बघूनच हरखलो. प्रत्येक गॅलरीत झाडं, आणि रस्ता एवढा रुंद की आपली अख्खी जत्रा मावावी.

मी कशाला गेलो ते तुम्हा गाववाल्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. माझी बायको इंदू पायाळू, जन्मताना आधी पाय आलेली. पायाळूनं पाय लावला की उसण जाते, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं. चाळीस वर्षं मी पोती उचलली. पाठ धरली की पालथा पडायचो, ती पाय लावायची, मी उठून कामाला. ती गेली आणि पंधरा दिवसांत पाठ धरली, मानही धरली. चार महिने सोडली नाही. तिच्या राखेवर बांधाला आंब्याचं रोप लावलंय, त्याला पाणी घालायला वाकता येईना. शेजारचा किसन घालतो, आठवण झाली तर.

मंदानं चहा देतानाच बजावलं. "महिन्यात पाठ मोकळी झाली तर गावाला जा. नाहीतर इथंच राहायचं. तिकडं एकटे पडलात तर उचलणार कोण?"

म्हणलं, म्हणजे महिन्याच्या आत पायाळू गाठायचा.

लिफ्टमध्ये एक पोरगा कडेवर बाळ घेऊन उभा होता. विचारलं, "पायाळू आहे का हो?" "नाही आजोबा, सिझर." पाचव्या मजल्यावर एक बाई बाळ घेऊन आली. तिचंही सिझर. पोट कापून काढलेल्याचं आधी डोकं काय नि पाय काय! वॉचमन म्हणाला, "बेलापूरच्या जुन्या गावात बघा. तिकडं जुनी माणसं हायेत."

दुसऱ्या दिवशी मंदाला न सांगता मेट्रोत बसलो. काय गाडी आहे राव! धूर नाही, हादरा नाही, रस्त्याच्या डोक्यावरनं चालली. एकीकडं काळे डोंगर, दुसरीकडं इमारती. माझी मान एकाच बाजूला वळत होती, म्हणून मी जाताना डोंगर बघितले आणि येताना इमारती बघायच्या असं ठरवलं.

गावातल्या मच्छीबाजारात बारकीबाय भेटली. सत्तरीची, हिरवं लुगडं, पुढ्यात बोंबील आणि कोळंबी. विचारल्याबरोबर हसली. "अरे दादूस (मोठा भाऊ), मीच हाय पायालू! या गावाच्या किती पाटी मी मोकल्या केल्या. वल तिकडं, ओट्याला हात टेक."

मी हात टेकून वाकलो. तिनं पाय उचलला, आणि मागनं आरोळी आली, "आई गो! मेले! माजीच कंबर धरली!"

मला वळून बघता येईना, तिला पाय खाली टेकता येईना. सगळा बाजार हसायला लागला. पलीकडची कोळंबीवाली ओरडली, "बारकीबाय, पायालूला आता कोन पाय लावनार गो?"

मी पण हसत होतो. मग हसू थांबलं. इंदूची पाठ कधी दुखली असेल का? भारे तिनंही वाहिले. मी कधी विचारलं नाही.

कुणीतरी माझ्या फोनवरनं मंदाला लावला. ती आली, आधी मला झाडलं, मग दोघांना रिक्षात घातलं आणि व्यायामाच्या डॉक्टरणीकडं नेलं. पोरगी नातीएवढी. तिनं विचारलं, "काका, पायाला मुंग्या? पायातली ताकद गेली? लघवीवरचा ताबा?"

"पाठ दाखवायला आलोय मी!"

"यातलं काही असतं तर तुम्हाला मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं. चार महिने काय केलं?"

"पडून होतो."

"तिथंच चुकलं. पडून पाठ आणखी आखडते. झोपता कुठल्या कुशीवर?"

"डाव्या."

"नेहमी? उजव्या का नाही?"

मंदा हळू म्हणाली, "डावीकडं आईची वाकळ असते."

पोरगीनं माझे खांदे हातात घेतले आणि हनुवटी आत कशी घ्यायची ते दाखवलं.

मग रोजचं सुरू झालं. गरम पाण्याची पिशवी, गुडघे पोटाशी, थोडं थोडं चालणं. वाकायचं ते गुडघ्यातनं, ओझं अंगाला चिकटवून. बारकीबायला सांगितलं की जमिनीवर बसू नका, टोपली ओट्यावर, बूड स्टुलावर. मी मेट्रोनं तिच्याकडं जायचो आणि आम्ही ओट्यापाशी उभे राहून हनुवट्या आत घ्यायचो. "दादूस, कोंबड्यासारका दिसतस," ती म्हणायची आणि तांदळाच्या भाकरीवर तळलेला बोंबील द्यायची. असा बोंबील मी जन्मात खाल्ला नव्हता.

महिना भरला, आणि निघायच्या दिवशी इमारतीखाली उभा राहून मान वर केली. चौथा, सातवा, दहावा... चौदावा! मंदा गॅलरीत टॉवेल हलवत होती. मी खालनं ओरडलो, "दिसली गं!" वॉचमन दचकला.

गावाला आलो तो पिशवी न ठेवता बांधावर गेलो. चौदा मजले बघून आलेला माणूस, आणि रोप अजून गुडघ्याएवढंच. त्याला बघायला वाकावं लागतं. वाकलो, गुडघ्यातनं. दोन छोट्या कळश्या घेतल्या, दोन्ही हातांना सारख्या. किसनला म्हणलं, आता तू नको येऊस.

डॉक्टरणीनं कूस बदलायला सांगितली होती. वाकळ काढायला हात होईना. मग एक युक्ती केली. एक दिवस वाकळ डावीकडं घालतो, एक दिवस उजवीकडं. मान आता दोन्हीकडं वळते.