न्यूझीलंडच्या खोलीतलं ‘शे’

आधीच सांगते, या सदरातले अनुभव वाचून भांडणाऱ्यांपैकी मी आहे. पप्पा बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापायचे, आणि त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. ‘पुरावा दाखव’ हे आमच्या घरात ‘जेवलीस का’ इतकं सहज बोललं जातं. त्यामुळे खाली लिहिलंय त्याला पहिला प्रश्न माझाच... पुरावा? नाही माझ्याकडे.

आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. पाचोऱ्याच्या नानांचा – माझ्या काकांचा – मुलगा न्यूझीलंडला असतो. त्याच्याकडे सगळ्या कुटुंबानं जायचं ठरलं. त्याच्या दोन खोल्यांत आम्ही मावणार नव्हतो, म्हणून राहायची जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. नानांना शहरातलं हॉटेल हवं होतं. मला शेतावरचं घर हवं होतं, आणि त्याचं कारण होतं अक्का.

अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला, आणि तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. प्रवासाच्या गप्पांत तिचं नाव ‘घर अक्का सांभाळेल’ एवढ्यापुरतंच यायचं. बाहेर समतेवर भाषणं आणि घर राखायला एक बाई – हे मला मान्य नव्हतं. मी सरळ सांगितलं, अक्का नसेल तर मीही नाही. पण अक्काच तयार होईना. “मी तठे काय करसू व माय? ते लिफ्ट, ते जिना... तुम्हीन जा.” म्हणून मी जिना नसलेलं, गाई असलेलं घर शोधून काढलं.

एका रविवारी मालकीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मार्था नाव, साठीच्या पुढच्या. मोबाईल टीव्हीला जोडला, हॉलमध्ये पाचोऱ्याहून आलेल्या नानांसकट सगळे दाटीनं बसले. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळचं लख्ख ऊन. मार्थानं आधी गोठा दाखवला. “गाया चांगल्या शेतस,” अक्का म्हणाली. “पन वासरं कोठे शेतस?” मला वाटलं, जमलं.

मग ती खोली आली, जी मी अक्कासाठी धरली होती. एक पलंग, एक खिडकी, खिडकीपाशी खुर्ची. रिकामी.

“आठे ते कोन्ही ऱ्हास,” अक्का म्हणाली.

“कोणी नाही अक्का, रिकामी आहे.”

“तठे शे ना. खिडकीजोडे बठेल शे.”

मार्था थबकली. इंग्रजीत म्हणाली, “शी? तुम्हाला ती दिसतेय?”

आम्ही सगळे हसलो. पप्पांनी समजावलं की आमच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’, ‘ती’ नाही. मार्था हसली नाही. “मग त्या काय म्हणाल्या?” तिनं विचारलं.

भाषांतरात खोटं बोलणं मला जमत नाही. सांगितलं – खिडकीजवळ कुणीतरी बसलंय म्हणते.

“काय करतेय ती?”

अक्का टीव्हीजवळ सरकली. “काहीच नही. वाट दखी ऱ्हायनी कोनी तरी. पाय उघडा शेतस तिना.”

तेही सांगितलं – कुणाची तरी वाट बघतेय, पाय उघडे आहेत. मार्थानं भिंतीतलं कपाट उघडलं. आत हातानं विणलेले लोकरीचे मोजे, थप्प्याच्या थप्प्या, एकही वापरलेला नाही. “माझी आई शेवटी शेवटी हेच विणायची,” ती म्हणाली. “कुणासाठी म्हणून विचारलं की या खिडकीकडे बोट दाखवायची. मला कधी काही दिसलं नाही. हे मी पाहुण्यांना सांगत नाही.”

कॉल संपला. मग नाना म्हणाले, “आपला घरमा भूतं कमी शेतस का, ते विमानमा बशीसन दखाले जावानं?” सगळे हॉटेलच्या बाजूनं झाले. पप्पा ‘योगायोग’ म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

तेवढ्यात अक्का बोलली. “मी यीसू. पन तठेच.”

“अक्का, डोकं फिरनं का तुनं?” नाना.

“इतला लोके येतस, जातस. तिले कोन्ही इचारेल नही.”

त्यानंतर मी स्वस्थ नाही. त्या घरावरची प्रत्येक प्रतिक्रिया वाचली, मोज्यांचा उल्लेख कुठेच नाही. घरी माझ्या सख्ख्या भावानं कॉल रेकॉर्ड केला होता, तो थांबवून थांबवून पाहिला. खुर्ची रिकामी. अक्काचा मोतीबिंदू कधीच निघालाय, डॉक्टर म्हणतात नजर उत्तम. ‘शे’ आणि ‘शी’चा घोटाळा मला कळतो. उघड्या पायांचं काय करायचं, ते कळत नाही.

आणि तरी बुकिंग मी तिथलंच केलंय. आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं स्वतःहून काही मागितलं, आणि ते माझ्या मतांत बसत नाही म्हणून नाकारायचं? मग ती पत्रकं कशासाठी होती? नाना कुरकुरत का होईना, तयार झालेत. त्या खोलीत अक्कासोबत मी झोपणार आहे. हो, भीती वाटते. कशाची, ते मात्र लिहिता येत नाही.

काल तिला पुन्हा विचारलं – अक्का, नक्की दिसली होती ना? ती मेथी निवडत होती, वैतागली.

“मालेच काय इचारस घडी घडी? तठे गयात का तूच इचार तिले. तुले इंग्रजी येस ना.”