पिवळ्या पिल्लाचा बाप

माझी थोरली बहीण निवृत्त परिचारिका. ती छोटे रंगीत पोपट पाळते. यंदा हिरव्या जोडीला लाल डोळ्यांचं पिवळं पिल्लू झालं. भावोजींनी तर मित्राला हिरवं कबूल केलेलं.

"मादीतच खोट आहे, देऊन टाकतो," म्हणत ते तिला वेगळ्या पिंजऱ्यात घालून निघाले. ताई दारात आडवी उभी राहिली.

"हा रंग मादीत लपत नाही, असला तर अंगावरच दिसतो. लपतो नरात आणि उतरतो लेकीत. माहीत नसताना बाईच्या जातीवर खापर फोडू नका."

"मग मित्राला काय सांगू?"

"तुमच्या लाडक्या नराची करणी आहे म्हणून सांगा. पिंजरा ठेवा खाली."

भावोजींनी तो खाली ठेवला. ताई मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.