गोव्यातला ओव्हरटाइम

शाळा मी पाचवीत सोडली. शाळेला अजून पत्ता नसेल. असा माणूस संत तुकाराम नगरात कॉम्प्युटरवाला म्हणून मिरवला, आणि काय मिरवला राव!

चाकणला आमच्या कंपनीत मेंटेनन्सचा एकजण आहे. त्याने मोबाईलवर चालणारा साधा प्रोग्राम बनवला. लँडलाइनवरून फोन आला की सुरुवातीचा कोड टाकायचा, गावाचं नाव येतं. शून्य-दोन-शून्य टाकलं की पुणे. बस, एवढंच. लोन घ्या, विमा घ्या म्हणून छळणारे कुठून बोलतात ते कळावं म्हणून. त्याने मला पाठवला, मी सोसायटीच्या, भिशीच्या आणि बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कुठलाही नंबर टाका, माणूस कुठंय ते कळेल. शंभर टक्के खरं.'

शेजारच्या काकांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही बनवला?"

मी नुसता हसलो. हो म्हणायला लाज वाटली, आणि नाही म्हणायला जीव होईना.

त्याच आठवड्यात रोज ओव्हरटाइम. एका संध्याकाळी घरी आलो तर दारात भरलेली बॅग, आणि निगडीचा मेहुणा सोफ्यावर पोहे खात बसलेला.

बायको म्हणाली, "काय हो, झाला का ओव्हरटाइम?"

"कंबरडं मोडलं गं."

"गोव्यात मोडणारच."

मेहुण्याने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. "दाजी, तुमचाच प्रोग्राम आहे."

झालं असं, की बायको सगळे नंबर पुढे शून्य लावून सेव्ह करते, तिच्या वडलांची सवय. माझा मोबाईल सुरू होतो आठ-तीन-दोनने. पुढे शून्य लावलं की झाला गोव्याचा कोड. प्रोग्रामला बिचाऱ्याला काय माहीत हा मोबाईल आहे?

"अगं, चाकणलाच होतो! ऑइलचा वास बघ अंगाला."

"तिकडं तेलाने मसाज करतात म्हणे," मेहुणा पोहे चावत म्हणाला.

"आणि शंभर टक्के खरं, हे कोणी लिहिलं?" बायकोने बॅगेची चेन लावली.

मी म्हणलं, तुझा नंबर टाक. टाकला. राजस्थानातलं कोटा आलं. मेहुण्याचा टाकला तर तो विजयवाड्यात बसून आमचे पोहे खात होता.

"म्हणजे तुम्ही चुकीचा बनवलाय?"

"मी बनवलाच नाही गं! मला काय येतंय त्यातलं?"

मघापासून घसा फोडून सांगत होतो, त्यातलं तिला काही पटलं नव्हतं. हे मात्र लगेच पटलं.

"तरी म्हणलं," ती भावाला म्हणाली, "ह्यांना मिक्सरचं झाकण लावता येत नाही."

मग शिक्षा झाली. तिन्ही ग्रुपवर लिहायचं: 'हा प्रोग्राम मी बनवलेला नाही. फक्त लँडलाइनला चालतो. मला अक्कल नाही.' शेवटचं वाक्य बायकोने स्वतः टाईप केलं. काकांचं उत्तर लगेच आलं: 'आम्हाला अंदाज होताच.'

बॅग उघडली तर आत सगळे माझेच कपडे. ती कुठं जाणारच नव्हती.

सकाळी डबा हातात देताना म्हणाली, "येताना काजू आणा."

संध्याकाळी मोशीत गाडी थांबवून पाव किलो घेतले. उगाच रिस्क कशाला?