दुसऱ्या किकची गाडी

परवा पत्र्याच्या शेडमधून माझी जुनी टू-स्ट्रोक बाहेर काढली. किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, पण बाईसाहेब पेटायला तयार नाहीत. चार महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल, आणि त्यात हल्लीचं ते इथेनॉल. हवेतलं पाणी ओढून घेतं, तळाशी साचतं, कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो. उघडा, धुवा, बसवा, पुन्हा किक. अरे, साठीकडं झुकलेल्या माणसाचा गुडघा आहे हा, हापशाचा दांडा नाही! मी गाडीला मनसोक्त शिव्या घालत होतो तेवढ्यात बायको दारातून म्हणाली, "गाडीवर काय चिडता? तिच्या पोटात जे घातलं त्याचा दोष तिला कशाला?"

तिला माहीत नव्हतं, पण बोलली ते मला नेमकं लागलं. मी पाना टाकून पायरीवर बसलो.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि मी पंचविशीत होतो. आठवडाभर वाळूजला कारखान्यात नोकरी आणि रविवारी मातीतल्या शर्यती. गाडी म्हणजे रस्त्यावरचीच शंभर सीसीची. हेडलाइट, इंडिकेटर, मडगार्ड सगळं उतरवलेलं, सायलेन्सर वर उचललेला, टायर जाड बटनांचे. ती घडवली होती शहागंजच्या मागं गॅरेज असलेल्या एका मिस्त्रीनं. मी त्यांना चाचा म्हणायचो.

चाचांची ख्याती एकच होती. त्यांच्या हातची गाडी दुसऱ्या किकला पेटते. पहिली किक पेट्रोल वर ओढायला, दुसरी पेटवायला. तिसरी मारावी लागली तर गाडी परत आणा, असं ते म्हणायचे. जालन्याची, नगरची पोरं शर्यतीच्या गाड्या त्यांच्याकडं घेऊन यायची ती एवढ्यासाठीच. गॅरेजला पाटीसुद्धा नव्हती. होतं ते हे नाव, आणि त्याच्यावरच घर चालायचं.

या नावामागं इंजिनाची जादूबिदू काही नव्हती, पेट्रोलची शिस्त होती. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि गाडी नुसता धूर ओकते. बाकीचे मिस्त्री अंदाजपंचे ओतायचे. चाचांकडं लहान बाळाची दुधाची बाटली होती, तिच्यावरच्या रेघा बघून ते ऑइल मोजायचे. त्याआधी पेट्रोलचे दोन थेंब बोटांवर चोळायचे आणि हुंगायचे. रॉकेलची भेसळ असली तर बोटं तेलकट राहतात. मग सगळं मिश्रण मलमलच्या फडक्यातून गाळून कॅनमध्ये. आणि मैदानावर टाकीत ओतताना पुन्हा एकदा गाळायचं. "इंजन का खाना है बेटा," ते म्हणायचे. "हर बार छान के दे. आलस नक्को."

मला त्या दुसऱ्या गाळण्याचा लई कंटाळा यायचा.

आमचे वडील, अण्णा, तहसील कचेरीत कारकून होते. आधी वैजापूरला, मग शहरात. शर्यती म्हणजे हातपाय मोडून घ्यायचे धंदे, असं त्यांचं मत. "माकडासारखा उड्या मारत जातो," असं पाहुण्यांपुढं सांगायचे. चार वर्षं मी धावलो, एकदाही बघायला आले नाहीत. त्यांची स्वतःची एक मोपेड होती, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते तिच्या टाकीत डांबराच्या दोन गोळ्या टाकायचे. कपाटात कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवतात त्याच पांढऱ्या गोळ्या. त्यानं म्हणे पिकअप वाढतो. त्यांच्या कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळेच टाकायचे, कुणाला काय बोलणार? कचेरीवाल्यांचं हे खूळ शहरातल्या मिस्त्र्यांनाही ठाऊक होतं. आमच्या घरात पेट्रोलला तसाच कपाटाचा वास यायचा, आणि मी त्या वासातच लहानाचा मोठा झालो.

त्या वर्षी थंडीत लासूर स्टेशनजवळच्या पडीक रानात शर्यत ठरली. शनिवारी संध्याकाळी चाचांनी माझ्यासमोर मिश्रण करून, गाळून, कॅन माझ्या हातात दिला. रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर अण्णा स्वेटर आणि कानटोपी घालून दारात तयार. "चल, मी पण येतो," म्हणाले. टेम्पोत गाडीचं हँडल धरून ते लासूरपर्यंत उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मैदानावर टाकीत जे थोडं जुनं मिश्रण होतं त्याच्यावर चाचांनी गाडी चालू करून दाखवली. दुसरी किक. अण्णांच्या तोंडून "वा!" निघालं आणि चाचा लाजल्यासारखे हसले. मग ते नगरच्या एका पोराची क्लच केबल बघायला गेले. तेवढ्यात रांगेत या म्हणून पुकारा झाला. मी घाईत कॅन उचलला आणि सरळ टाकीत उपडा केला. फडकं खिशातच राहिलं. वास आला, पण तो घरचाच वास. मला काही वेगळं वाटलंच नाही.

गाडी पेटवून रांगेत उभा राहिलो, आणि झेंडा वर गेला तशी गाडी दोनदा ठसकली आणि बंद पडली. किक. किक. पुन्हा किक. झेंडा पडला. सात गाड्या माझ्या तोंडावर माती उडवून निघून गेल्या आणि मी तिथंच, दातओठ खात, किक मारतोय! चोक ओढला, चोक सोडला, ढकलून बघितली. पहिला फेरा मारून बाकीचे माझ्या बाजूनं परत गेले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

चाचा पळत आले. गाडी बाजूला घेतली, प्लग काढला. काळाभोर, ओला. कार्बोरेटर खोलला आणि त्यातला पेट्रोल सोडणारा जेट उन्हाकडं धरला. सुईच्या टोकाएवढं भोक असतं त्याला, त्यातनं उजेड येईना. मग त्यांनी कॅनचं तोंड नाकाशी नेलं. माझ्याकडं बघितलं, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडं उभ्या असलेल्या अण्णांकडं बघितलं. आणि कॅन उलटा करून उरलेलं सगळं पेट्रोल मातीत ओतून टाकलं.

माझा तोल सुटला. "ते कशाला ओतलं? दुसऱ्या किकला पेटते म्हणे! काय झक मारली शनिवारी? जमत नसेल तर हात नका लावत जाऊ लोकांच्या गाड्यांना!" जालन्याची, नगरची सगळी पोरं गोळा झाली होती. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, आणि मी त्याला सगळ्यांसमोर असा झाडत होतो.

चाचा माझ्याशी नेहमी दखनीतच बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोलले, आणि अण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "माझी चूक हाय. जेट साफ करायचा राहिला."

त्याच संध्याकाळी घरी चहा पिताना अण्णा माझी समजूत काढायला लागले. "तू नको वाईट वाटून घेऊ. मी तर सकाळी तू अंघोळीला गेलास तेव्हा तुझ्या कॅनमध्ये सहा गोळ्या टाकल्या होत्या. मोपेडला दोन, मग म्हटलं शर्यतीला सहा तरी पाहिजेत. सहा टाकूनही पेटली नाही, म्हणजे मिस्त्रीच कच्चा. पुढच्या वेळी आठ टाकू."

म्हणजे न विरघळलेला गोळ्यांचा चुरा जेटमध्ये अडकला होता, आणि मी गाळलं असतं तर तो फडक्यातच राहिला असता. ओरडावंसं वाटत होतं. पण समोर अण्णांचा तो चेहरा, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं झालेला! काय ओरडणार, कपाळ? चहा गार झाला आणि मी तो तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून थेट गॅरेजला गेलो. चाचा फरशीवर बसून कुणाचा तरी प्लग घासत होते.

"तुम्हाला वास आला होता ना?"

"हौ."

"मग बोलला का नाही? मी एवढं तोडून बोललो!"

"तेरे अब्बा पहली बार आए थे ग्राउंड पे. सच बोलता तो फिर आते क्या?"

"आणि तुमचं नाव?"

प्लग फुंकून त्यांनी फडक्यावर ठेवला. "उनकू मत बोल," म्हणाले. "और दूसरी बार तूने छाना नहीं. वो तेरी गलती."

अण्णा खरंच परत आले. त्यानंतरच्या प्रत्येक शर्यतीला आले, थर्मास घेऊन. मी कॅन कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवायला लागलो. पण नगरची पोरं चाचांकडं यायची थांबली, मग जालन्याची. गॅरेजमध्ये रिक्षा आणि मोपेडी उरल्या. मैदानावर प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. मग दोरीपलीकडं अण्णा दिसायचे. सांगितलं तर सगळं मैदान त्यांना हसणार, आणि ते पुन्हा यायचे नाहीत. असं म्हणून मी दर वेळी गप्प बसलो. आता वाटतं, अण्णांचं निमित्त होतं. सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करायला माझीच फाटत होती.

दोन वर्षांनी बहिणीच्या लग्नात चाचा आले. अण्णांनी त्यांना मानानं पंगतीत बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून व्याह्यांना म्हणाले, "हे ते मिस्त्री बरं का. माणूस लाखात एक, पण लासूरला जेट साफ करायला विसरले, नाहीतर आमचं पोरगं पहिलंच आलं असतं!" पंगत हसली. चाचांनी छातीवर हात ठेवला. "व्हय भाऊसाहेब. चुकलंच माझं."

मी जिलेबीचं ताट घेऊन समोरच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. मी त्यांच्या पानात दोन जिलेब्या वाढल्या आणि पुढच्या पानाकडं गेलो.