पोशाख शिवणारी म्हातारी

त्या जाडजूड पुस्तकाबद्दल गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाचं काही ना काही मत होतं. ज्या बाईने ते केस कापायच्या दुकानात आणून ठेवलं, तिने मात्र त्यातलं एक पानही वाचलेलं नव्हतं. तिला सगळे वहिनी म्हणायचे, कारण दुकान दादांचं आणि ती दादांची बायको.

दादा जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. हाड जुळलं, पण बोटं कात्रीभोवती मिटेनात. दुकान कुणाला तरी देऊन नोकरी धरायची असं त्यांनी ठरवलं आणि खिडकीत तसं लिहिलेला पुठ्ठाही लावला, तेव्हा वहिनी म्हणाली, "मी कापते की." दादा हसले. हसले ते एका परीने बरंच झालं, कारण त्या हसण्याचा तिला इतका राग आला की घाबरायचं राहूनच गेलं. तिने सख्ख्या भावाला स्टुलावर बसवून हात बसवायला घेतला. भाऊ त्यानंतर बरेच दिवस टोपी घालून हिंडत होता.

दादांनी एकच अट घातली. "पहिल्यांदा सगळे भिडेखातर येतील. ते मी धरत नाही. तुझ्या हाताखालून गेलेलं एक तरी माणूस आपणहून परत आलं, तर दुकान राहील. नाही तर दिलं म्हणून समज."

अडचण आरशाची होती. समोर एवढा मोठा आरसा, त्यात गिऱ्हाइकाला सगळं दिसणार. कात्री जरा तिरकी गेली की त्याच्या कपाळाला आठी, आणि आठी दिसली की हिची कात्री आणखी तिरकी जाणार. वहिनीने डोकं चालवलं. लेकीच्या शाळेतल्या दिवसांचं एक पुस्तक माळ्यावर पडलं होतं. जगाला वाचवत फिरणाऱ्या पाच अचाट माणसांच्या टोळीच्या कॉमिक्सचा संग्रह, उशीएवढा जाड. अंगावर कापड टाकलं, चष्मा असेल तर काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला, की ती ते पुस्तक मांडीवर द्यायची. "वाचा आणि कसं वाटतं सांगा. लेकीला कळवायचंय," असं ठोकून द्यायची. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

शक्कल लागू पडली. माना खाली गेल्या, नजरा पानांत अडकल्या, आणि मतं मात्र सुटली. बसचे कंडक्टर म्हणाले, "पाचांत कामाचा एकटा तो डोंगर उचलणारा. बाकीचे नुसते भाषणं ठोकतात. आमच्या डेपोत हेच." बँकेतला कारकून म्हणाला, "मला तर तो दुष्टच आवडला. निदान वेळेवर येतो." बेकरीवाल्याला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढ्या मारामाऱ्या करतात, पण जेवताना कुणी दिसत नाही! असं बोलत बोलत सगळे उंदराने कुरतडल्यासारखी डोकी घेऊन घरी गेले. आणि घरी आरसे होतेच.

परत कोण येतंय याची वाट बघताना वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. दादा कोपऱ्यातल्या बाकावर बसून रबरी चेंडू दाबायचा व्यायाम करायचे आणि दाराकडे बघायचंही टाळायचे.

आले ते समोरच्या गल्लीतले शिंपीकाका. केस वाढायच्याही आधी आले. डावा कल्ला अजून उजव्यापेक्षा बोटभर वरच होता.

"काका, एवढ्यात?" वहिनीला खरंच वाटेना.

"अगं, ती पोशाख शिवणारी म्हातारी अर्ध्यात राहिली ना. तिचं पुढे काय होतं ते बघायला आलो. आता बसलोच आहे, तर मागचं जरा सारखं करून टाक."

बाकावर दादांचा चेंडू दाबणारा हात थांबला. संध्याकाळी दादांनी खिडकीतला पुठ्ठा काढला आणि डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली सारला. वहिनीचा जीव भांड्यात पडला.

पुढे हात बसत गेला. कंडक्टर परत आले, कारकून आला, बेकरीवाला भावाला घेऊन आला. शिंपीकाका तर येतच होते. दर वेळी ते त्या म्हातारीबद्दल सांगायचे. ती पाच जणं दिवसभर मारामारी करून फाटक्या कपड्यांनी परततात, आणि म्हातारी एका शब्दाने न रागावता सुईत दोरा ओवून बसते. "कुणी तिचं नाव घेत नाही बघ. पण ती नसेल तर पाचही जणं उघडी पडतील." वहिनीला ती म्हातारी फार आवडली. पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना तिला तीच आठवायची.

म्हणून एकदा तिने कंडक्टरांना विचारलं, "तुम्हाला ती म्हातारी कशी वाटली?"

"कोण म्हातारी?"

"अहो, पोशाख शिवणारी."

"वहिनी, हे पुस्तक माझं आता पाठ झालंय. यात म्हातारी नाही."

"नीट वाचा मग!" वहिनी फणकारली. कंडक्टर बिचारे पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला लागले, कारण वस्तरा तिच्या हातात होता.

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा वहिनी स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि पुस्तक पहिल्या पानापासून बघायला लागली. डोंगर उचलणारा होता, वाफ होऊन फटीतून शिरणारी होती, दुष्ट तर पानोपानी होता. म्हातारी कुठेच नव्हती. सुई नव्हती, दोरा नव्हता. शेवटचं पान मिटून तिने मान वर केली, तर समोर आरशाखालची फळी. त्यावर शिंपीकाकांचा चष्मा ती दर वेळी स्वतःच्या हाताने ठेवायची. काचा अशा जाड की तो काढला की समोर माणूस आहे की कपाट, ते काकांना कळत नसे. आरसा दिसत नव्हता की पुस्तक दिसत नव्हतं. एकदा त्यांनी ते उलटं धरलं होतं, तेव्हा तिला वाटलं होतं, चित्रात कुणीतरी उलटं उडत असेल.

मग ते परत कशाला आले होते? वहिनी त्या खुर्चीत बसून रडली. 

पुढच्या खेपेला काका बसले, चष्मा काढून दिला आणि सवयीने पुस्तकासाठी हात पुढे केला. वहिनीने पुस्तक दिलं नाही.

"आज राहू दे काका. तुम्हीच सांगा, मी ऐकते. म्हातारी कशी आहे?"

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या वहिनीला मागून दिसल्या.

"कळलं तर. कुणी चुगली केली?"

"तुमच्या चष्म्याने." वहिनीने कंगवा खाली ठेवला. "काका, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर हे दुकान गेलं असतं. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कसले! मी शिकताना लोकांचे कोट बिघडवले. कापड पुन्हा वाढत नाही, पोरी. केस वाढतात." मग म्हणाले, "आणि खोटं नव्हतो बोललो मी. म्हातारीचं पुढे काय होतं ते बघायलाच येत होतो."

वहिनीने त्या दिवशी सावकाश, मन लावून केस कापले. मानेवरचे बारीक केस ब्रशने झटकले. मग चष्मा पुसून स्वतःच्या हाताने त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि त्यांची मान आरशाकडे वर केली. आजवर काकांनी आरशाकडे पाठ करूनच चष्मा डोळ्यांवर चढवला होता. दादा बाकावरून उठून मागे येऊन उभे राहिले.

काकांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. दोन्ही कल्ल्यांना बोट लावून पाहिलं. आरशातून वहिनीकडे बघत म्हणाले, "जमलं गं म्हातारीला."